मर्यादित

नव्या पेठेत जिन्याखालच्या ऑफिसात
बिराजदार सीएंनी मला समजावलं:
कंपनी म्हणजे एक वेगळी व्यक्ती, ताई.
ती कर्ज काढेल, ती फेडेल,
बुडाली तर ती बुडेल.
तुम्ही काठावर.

घरी आई टॉवेलांचे दोरे कातरत होती.
म्हणाली, वेगळी व्यक्ती? मग जेवते काय?
दाखला आला, पॅन कार्ड आलं,
पाचवी नाही, बारसं नाही,
रबरी शिक्का तेवढा निळ्या शाईत न्हाला.

नाना मात्र खूश.
त्यांच्या पाटीवर नुसतं नाव होतं, नरसय्या लक्ष्मण कामुनी,
आणि नावामागे सगळंच: चार माग, दोन खोल्या,
आईच्या पाटल्या, माझी सायकलसुद्धा.
जप्तीवाल्यानं शिलाई मशीन उचललं
तेव्हा सुईत दोरा ओवलेला होता.
नाना अजून त्या दोऱ्याचा रंग सांगतात.
मोरपंखी.

म्हणून अक्कलकोट रोडच्या शेडवर पाटी रंगवताना
पेंटरला म्हटलं, 'प्रा. लि.' मोठं काढ.
नावापेक्षा मोठं?
नावापेक्षा मोठं.

टॉवेलाला किनार असते.
ती नसली तर कडेचा एक धागा सुटतो,
मग त्याच्या शेजारचा,
शेवटी अंग पुसायला हातात जाळी उरते.
किनार म्हणजे 'इथवरच' असं सांगणारी वीण.
मला वाटलं, आपल्यालाही आता किनार आली.

मग बँकेत साहेबांनी कागद सरकवले.
एकोणचाळिसाव्या पानावर पेन्सिलीची फुली.
इथं तुमची सही. वैयक्तिक हमी.
मी म्हटलं, पण कंपनी तर वेगळी व्यक्ती.
साहेब हसले.
वेगळीच आहे हो, पण तिचं घर कुठाय?
तुमचं आम्ही बघून आलोय.
मागावर बीम चढलेला, ऑर्डर हातात.
सही केली.
पेन त्यांचंच होतं, दोरीला बांधलेलं.

तीन वर्षं चाललं. मग नाही चाललं.
कारणं सांगत बसत नाही,
प्रत्येक बंद शेडजवळ तीच असतात.

बँकेनं फुलीवर बोट ठेवलं,
होटगी रोडचा प्लॉट गेला, त्यांचं मिटलं.
माग गेले भंगाराच्या भावात.
बाकीच्यांना रुपयामागे अकरा पैसे.

त्या बाकीच्यांत बसवणप्पा हत्तुरे.
फोनवर सूत द्यायचे, पाठवतो गं, पैशाचं नंतर बघू.
हमी मागितली नाही. फुली मारली नाही.
चाटी गल्लीतल्या त्यांच्या दुकानावर नुसतं नाव आहे,
नावापुढं काही नाही.

राहतं घर वाचलं.
शिलाई मशीन जागच्या जागी.
बिराजदार म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं?
म्हटलं होतं.
पण साहेब, बुडालेलं कुठंतरी जातंच ना?
माझी किनार जिथं घट्ट बसली
तिथूनच हत्तुरे काकांचा धागा सुटत गेला.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला
दोन हजार घेऊन जाते.
कायद्यानं गरज नाही, हे मला पाठ आहे.
चांगुलपणही नाही हे;
मला त्याच गल्लीतून रोज जायचं असतं.
या हिशेबानं अठ्ठावीस वर्षं लागतील.
काका एकाहत्तरचे आहेत.

ते पावती फाडतात, सवयीनं कंपनीचं नाव लिहितात.
मी म्हणते, काका, ती गेली.
ते खोडत नाहीत.
खाली बारीक अक्षरात माझं नाव लिहितात,
पेनाला टोपण लावतात,
आणि पोराला हाक मारतात,
दोन चहा सांग रे.