डाव्या खांद्यापाशी

सेपांगला रात्री अकरालाही डांबर निवत नाही.
शटर अर्धं ओढून आम्ही तिघं बसलेलो:
मी, बून कियाट, आणि हँगरवर टांगलेला तो शर्ट,
छातीभर बारीक नळ्या शिवलेला,
कुणाचं तरी आतलं बाहेर काढून
वाळत घातल्यासारखा.

दुपारी शुक्री गाडीतून उतरला नाही,
त्याला उतरवावं लागलं.
हेल्मेट निघाल्यावर बोलला एवढंच:
"पाणी येतं, अंकल. पण येत नाही."

असली वाक्यं मला कळतात.
क्लांगमध्ये बावीस वर्षं मी लोकांचे एसी दुरुस्त केलेत.
गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं,
त्याला फक्त बिघाडाचं नाव माहीत नसतं.

तर, पहिल्यापासून.
बर्फाची पेटी उघडली. तळाशी पंप गुरगुरतोय.
वायरींना मीटर लावला: बारा पूर्णांक तीन.
म्हणजे उपाशी नाही.
बर्फाचा चुरा तोंडाशी दाटला होता, तो उपसला,
त्याच्या जागी बाटल्यांत गोठवलेले अख्खे ठोकळे.
नळी सोडली मापात, बून कियाटनं घड्याळ धरलं:
मिनिटाला सव्वा लिटर.
शर्ट जोडला. पाऊण.
शर्ट उलटा करून झटकला तर
हवेचा एक बुडबुडा गळपट्टीत दडून बसलेला,
उधारी चुकवणाऱ्यासारखा.
तो सुटला आणि माप लिटरवर आलं.
बून कियाट म्हणाला, झालं. झोपू या.

झालं नव्हतं.
हँगरला घाम येत नाही.
हँगरला कुणी पट्ट्यांनी आवळत नाही.

मी अंगातला सदरा काढला.
साठीचं पोट, शुक्रीच्या मापाचा शर्ट,
श्वास आत ओढून कसाबसा चढवला,
पिंजऱ्याच्या नळकांड्यांमधून आत शिरलो,
एक गुडघा, एक शिवी, मग दुसरा गुडघा,
आणि सहाही पट्टे आवळायला सांगितले.
"अजून ओढ."
"मणियम अंकल, गुदमराल."
"तो गुदमरला ना दोन तास? ओढ."

पंप चालू.
थंडी कमरेतून शिरली.
पाठीवरून कुणी ओलं बोट फिरवत न्यावं तशी चढली,
मानेखाली तिला दोन वाटा.
उजवीकडची उतरली सरळ, बरगडी-बरगडी मोजत,
डावीकडची वळली, दोन बोटं पुढं आली
आणि खांद्यापाशी थांबली.
दारात उभं राहून
आतून कुणी "या" म्हणेल म्हणून वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी.
तिथून खाली माझी सगळी डावी बाजू
तापलेली, एकटी.

बाहेर बून कियाटनं पुन्हा मोजलं.
काही बोलला नाही, माप माझ्यासमोर धरलं.
अर्धा.

पट्ट्याच्या बकलाखाली नेमकी ती नळी चेपत होती.
तीन शर्यती.
तीन शर्यती शुक्री सांगत होता
आणि आम्ही त्याला सांगत होतो,
वय झालं, व्यायाम वाढव, आदल्या रात्री जागू नकोस.
मीही सांगत होतो.

ब्लेडनं टाके उसवले,
नळी दीड इंच मानेकडे सरकवली,
मासे धरायच्या दोऱ्यानं परत शिवली. वाकडीच.
जोडणीत हिरवट चिकट असं काहीतरी निघालं,
नखाएवढं. तेही पुसलं.
खरा दोषी कोण, ते आता कळणार नाही.
पुन्हा आत शिरलो, पुन्हा आवळून घेतलं.
रात्री पावणेदोनला माझं डावं काळीज गार पडलं
आणि मी त्या सीटमध्ये बसूनच राहिलो,
बून कियाट "उतरा" म्हणाला तरी.

सकाळी चाळिसाव्या फेरीला रेडिओवर विचारलं,
शर्ट कसा आहे?
बराच वेळ नुसती खरखर.
मग शुक्रीचा आवाज, वैतागलेला:
"शर्टाचं काय विचारता, अंकल,
ब्रेक बघा. मऊ लागतायत."