रेघ सरकली

पिरोश्का दोन मिनिटं नळ नुसता वाहू देते,
मग बाटली भरते. लेबलावर तारीख, घरनंबर.

"गेल्या खेपेला आर्सेनिक किती निघालं?" बालिंत विचारतो.
"एकोणतीस."
"त्याआधी?"
"एकोणतीसच. पण तेव्हा पन्नासपर्यंत चालायचं.
आता दहा."

बेकेशचाबाच्या कोवळ्या उन्हात
तो पेला फिरवून बघतो. नितळ. वास नाही.
याच पाण्याची कॉफी करायची इल्का,
तळहात खरखरीत होऊन
त्यांवर मोहरीएवढे कण उठले तरी.
डॉक्टर म्हणाले होते, वय.

पिरोश्का बूच घट्ट लावते,
टेबलावर चिठ्ठी ठेवते: टँकर मंगळवारी,
चर्चच्या कोपऱ्यावर, माणशी पाच लिटर.

ती गेल्यावर
बालिंत पेला जिरेनियमच्या कुंडीत रिकामा करतो
आणि लाल फुलांकडे
बघतच राहतो.