खिंड बंद असताना

मंडळी म्हणावं इतकी मंडळी आता उरलेली नाही.
अकराजण. बर्फ पडलं की सात.
उत्तर इंग्लंडच्या या दरीत
शिशाच्या खाणी बंद होऊन शंभर वर्षं होत आली,
तरी आमचं छत अजून खाणीसारखंच गळतं,
थेंब मोजत, घाई न करता.
विनिफ्रेड त्याखाली बादली ठेवते,
आणि प्रवचन लांबलं तर
बादलीच तसं सांगते.

गीतांचे क्रमांक लावायचा ओकचा फळा आहे.
त्यातला चार कुठल्याशा हिवाळ्यात हरवला.
तेव्हापासून ज्या क्रमांकात चार येतो
ते गीत आम्ही गात नाही.
नॉरिस पिअर्ट म्हणतो, देवालाही आता सवय झाली असेल.

मंगळवारी मागच्या खोलीच्या खिडक्यांवर वाफ धरते.
एस्थर गार पाण्यात बटाटे सोलते,
बोटं लाल होईपर्यंत,
आणि साडेअकराला दार उघडलं की येतात
कत्तलखान्यातून कामावरून काढलेला पोरगा,
जुळ्यांना घेऊन एक आई, जिचा कोट उन्हाळ्याचा आहे,
आणि तो ट्रक चालवणारा,
बायको जाऊन आठ महिने झालेला,
जो सूप पीत नाही,
वाडगं दोन्ही हातांत धरून बसतो
निवेपर्यंत.
प्रार्थना येते का, असं आम्ही कुणाला विचारत नाही.
ते आम्हाला विचारतात ते एवढंच,
पाव आहे का अजून.

कपाटात वाटाण्याचे डबे, चहा, बाळांचे लंगोट.
वहीत नावं लिहायची नाहीत असं सभेत ठरलंय,
लोकांना लाज वाटू नये म्हणून.
फक्त पिशव्या किती गेल्या ते.
गेल्या मार्चात एकोणीस.
या मार्चात एकसष्ट.
एडविननं आकडा वाचला, चष्मा काढला
आणि बराच वेळ नुसताच पुसत बसला.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं.
मी आदल्या रात्रीच अंगठ्याएवढे पेले भरून ठेवले,
द्राक्षाचा रस; आमच्यात दारू चालत नाही.
सकाळी पाळकबाईंचा फोन: खिंड बंद आहे.
पाळक नाही तर प्रभुभोजन नाही,
नियम तो नियम.
आम्ही सहाजण आणि रुम्बिझाई,
वृद्धाश्रमातली रातपाळी संपवून
गंबूट घालून चालत आलेली,
कोटाखाली अजून गणवेश.

आमची प्रार्थना म्हणजे
शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तशी.
हवा, गुडघे, आभार. आमेन.
तिची तशी नव्हती.
ती काथ्याच्या पायपुसण्यावर गुडघे टेकून
तिच्या शोना भाषेत
देवाशी चक्क भांडली.
एडविन बुटांकडे बघत राहिला.
मला, खरं सांगायचं तर, थोडी लाजच वाटली.

एकही शब्द कळत नव्हता.
मग मधूनच कळायला लागले:
विनिफ्रेड. नॉरिस. एस्थर.
मेगन, आणि तिची जुळी, आल्फी, इझी.
क्लिफर्ड.
क्लिफर्ड कोण?
क्लिफर्डवर ती थांबली, पुन्हा म्हणाली,
एखाद्याची बाही धरून ओढावी तशी,
आणि माझ्या डोळ्यांसमोर ते वाडगं आलं,
निवत चाललेलं.

वहीत नावं नव्हती.
तिनं विचारून घेतली होती.

शेवटचं गीत न वाजवताच गायलो.
पेटीशी बसणारी खिंडीपलीकडे अडकलेली.
नॉरिस अर्धी पट्टी वर गेला,
आम्ही त्याच्यामागे गेलो,
आणि मी सगळे पेले एकेक करून
बाटलीत परत ओतले. टाकायचा कसा?

मंगळवारी तोच रस मी साध्या ग्लासात ओतला
आणि त्याच्यापुढे ठेवला.
म्हटलं, क्लिफर्ड.
आठ महिन्यांत पहिल्यांदा.
त्यानं वर पाहिलं,
ग्लास उचलला, प्यायला,
ओठ पुसले बाहीला.
मागे बादलीत थेंब पडत होता.
मग म्हणाला,
पाव आहे का अजून?