झोपता का इथे?

एकोणीसशे एकोणीसचं धरण.
मातीचा बांध, मधे काँक्रीटचा सांडवा,
पॉवरहाऊसला तांब्याच्या खाणीच्या जमान्यातल्या जाड काचा.
खाण केव्हाच बुजली.
दोनातलं एक टर्बाइन अजून फिरतं,
खोकत खोकत चारशे घरांपुरती वीज काढतं.

माझ्या फॉर्मवर तीन चौकटी :
कमी, मध्यम, जास्त.
लोकांना वाटतं, मी भिंतीला गुण देते.
भिंत उद्या पडेल की शंभर वर्षांनी,
ते दुसऱ्या फॉर्मवर.
या फॉर्मचा प्रश्न एवढाच,
की पडलीच, तर खाली कोण आहे?

खाली स्प्रूसचं रान. दलदल.
बीव्हरांनी घातलेले त्यांचे त्यांचे बांध,
ज्यांना वर्ग नसतो.
म्हणून 'कमी'.
'कमी' म्हणजे पाच वर्षांतून एक फेरी.
पाच वेळा आले मी मिशिगनच्या या टोकाला,
पाच वेळा तीच चौकट, फक्त पेन वेगळं.

या मे महिन्यात, बर्फ वितळून
नदी चहाच्या रंगाची झालेली,
तेव्हा खालच्या वळणावर धूर दिसला.

"सौना आहे तो," गाडीतच म्हणाला होता
कंपनीचा ब्रेंट. "राहत कोणी नाही."
सौना वस्तीत मोजत नाहीत, खरं आहे.
आणि 'जास्त' झालं तर सांडवा दुप्पट रुंद करायचा,
नाहीतर धरणच पाडायचं, हेही खरं.
त्याच्या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

एइनो राउतिओ, वय अठ्ठ्याहत्तर.
याच भिंतीवर एकेचाळीस वर्षं ऑपरेटर.
त्याने दार उघडलं,
लाकडाचा, धुराचा, ओल्या लोकरीचा वास.
खिळ्याला कोट. फळीवर
सोमवार ते रविवार गोळ्यांची डबी.
खिडकीत जॅमच्या बाटल्या, ओळीने,
प्रत्येकीत पाणी, प्रत्येकीवर तारीख.

बांधाच्या पायथ्याचा पाझर.
"मी रिटायर झालो," म्हणाला, "तो नाही झाला."
आजची बाटली उजेडात धरली.
निवळशंख.
"असं आहे तोवर भिंतीला नुसता घाम येतोय.
गढुळलं, की समज,
माती आतून निघाली."

मग मी विचारलं, जसं विचारायचं असतं
तसंच, नियमातल्या शब्दांत :
तुम्ही इथे झोपता का?

बाहेर ब्रेंट बुटाचा चिखल
पायरीवर घासत होता. बराच वेळ.

"आडवा होतो.
टर्बाइन ऐकतो. अडीचच्या सुमाराला
त्याचा सूर जरा उतरतो, मग सावरतो.
झोप म्हणशील तर
हेल्वी गेल्यापासून नाही."

ह्याला चौकट नव्हती.
मी लिहिलं : वस्ती, एक.
भिंत तसूभर हलली नव्हती,
पाणी कालच्याच रेघेवर होतं,
आणि एका म्हाताऱ्याच्या उशीमुळे
धरण त्या दुपारी धोक्याचं झालं.

तो माझ्या पेनाकडे बघत होता.
"जास्त?"
जास्त.
"म्हणजे आता दर वर्षी याल."

मी मान वर केली.
गावातलं घर विकून
नेमका या वळणावर का आला,
हे मी विचारलं नाही. फॉर्म
त्याने माझ्या आधी वाचला होता.

निघताना त्याने हातात एक बाटली दिली,
धुतलेली, रिकामी,
झाकणावर पट्टी चिकटवलेली,
तारखेची जागा कोरी.