अर्थ

सकाळी सातला जालिंदर निकमचा फोन :
"इलाही, प्लगाची पिन काळी पडलीया. वास मारतोय."
कसला वास, ते मी विचारलं नाही.
बॅकेलाइट तापलं की सुक्या बोंबलासारखं घमघमतं.
वीस वर्षांत नाकालाच टेस्टर फुटलाय माझ्या.

भाळवणीत त्याचं स्लॅबचं घर.
खाली आई, वरचा मजला कुलपात,
जत्रेला सेलमहून आलेली पांढरी गाडी पोर्चमध्ये
आणि तिची केबल खिडकीतून आत,
टीव्हीच्या बोर्डात,
मधे जत्रेतच घेतलेला तीस रुपयांचा कन्व्हर्टर.
"फोन लावतो तिथंच लावली," तो म्हणाला,
"चार्जिंगच न्हवं शेवटी?"

फोन म्हणजे चिमणीनं पाणी पिणं.
गिझर म्हणजे म्हैस. तोंड घालते, बादली संपवते, निघते.
ही तुमची गाडी रात्रभर पिते, मान वर न करता,
आणि पाणी येतंय सुतळीएवढ्या नळीतनं.

बोर्ड खोलला.
सागाच्या पट्टीतून आलेली ॲल्युमिनियमची तार,
प्रत्येक जोडाला तीन पिळे, चौथा अर्धा, उलटा.
हात ओळखला मी.
भिकूतात्या लोहार, माझा उस्ताद.
अर्धा पिळा कशाला, विचारलं की म्हणायचा,
"सही हाय ती."

हिरवी तारही होती. तात्या हिरवी कधी विसरला नाही.
तिच्या मागनं भिंतीभिंतीनं गेलो न्हाणीपर्यंत.
तिथं नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली,
तीन पिळे, चौथा अर्धा.
शहाऐंशीचं साल असावं.
अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते,
आणि तेव्हा माणसंच टँकरच्या वाटेकडं बघत होती.
तात्यानं पाइप धरला :
पाइप जमिनीत जातो, जमीन कुठं पळून जाते?

जमीन नाही गेली. पाइप गेला.
नवी योजना आली, प्लॅस्टिकचे नळ आले,
भिंतीत राहिला वीतभर लोखंडाचा तुकडा
आणि त्याला धरून बसलेली हिरवी तार.

"निकम, तुमच्या घराला अर्थच नाही."
तो हसला. त्याची बायको हसली नाही.

"मग काय लागंल?"
"तांबं. चार एमएम, मीटरपासनं पोर्चपर्यंत एकसंध.
वीसचा एमसीबी, आरसीसीबी, सोळाचा सॉकेट,
आणि लोड वाढवायचा अर्ज."

तांबं म्हटल्यावर तो थबकला.
गलाईवाला माणूस. आजा, बाप आणि तो,
तिघांनीही मुशीत सोनं वितळवून तांबं हुडकलं,
तेजाबात घालून हाकललं. खोट म्हणायचे त्याला.
विट्यात दुकानात वेटोळं हातात घेतलं,
टोक सोललं, नखानं खरडलं, उजेडात धरलं,
जिभेला लावलं.
"चोख हाय," म्हणाला. "ह्यात सोन्याची भेसळ न्हाई."

खड्डा गोठ्यामागं.
मुरमात पहार टणटण वाजायची.
पुस्तक आठ फूट म्हणतं, आम्ही सहावर हात टेकले.
पाइप उभा केला. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा.
कोळसा त्याच्या बापाच्या भट्टीतला,
पोत्यात तसाच राहून गेलेला.
मग पाणी.
टेस्टलँपचं एक टोक फेजला, एक नव्या हिरव्या तारेला.
दिवा लागला तांबूस, आजारी.
अजून दोन बादल्या. थांबलो. विडी ओढली.
मग पांढरा लागला.

पाइपाला तार नट-बोल्टनं आवळतात आता, पिळे लागत नाहीत.
तरी मी घेतले. साडेतीन.

न्हाणीतला तुकडा कापून पिशवीत टाकला,
मजुरीत धरला नाही.

सोमवारी गाडी सेलमला जाणार.
निघताना भागूबाईंना झाकण दाखवलं :
"उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, हितं."
"गाडी न्हाई तवा बी?"
"तवा बी. फ्रीज हाय, मिक्सर हाय, तुमी हाय."
ती खड्ड्याकडं बघत राहिली.
"मंजे ह्येला बी पाजायचं," म्हणाली,
आणि म्हशीची बादली
तिथंच पालथी घातली.