मशेरीची प्लेट

नमुना क्रमांक सात म्हणजे आई.
वहीत तसं लिहायचं नसतं, म्हणून लिहिलं:
स्त्री, वय एक्कावन्न, विडी कामगार,
खालची डावी दाढ, किडलेली.
कापसाचा बोळा फिरवताना ती तेलुगूत म्हणाली,
हळू गं, तिथं जीव आहे.

जीव होतेच.
दोन दिवसांत निळे, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे
आगरभर दाटले.
बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट करायचं,
ती आपोआप विझते. त्यांना हवा कमीच लागते.
अशोक चौकातल्या आमच्या खोलीत आम्हा चौघांनाही.

मे महिना. बाहेर त्रेचाळीस, इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
सोलापुरात सुखात फक्त हे जंतू,
कुडक्याल सर म्हणाले आणि रुमालाने मान पुसली.

मग मी आगरला भोकं पाडली,
आई तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कापते तशी,
कडेला कडा, जागा वाया न घालवता.
एकात लवंगेचं तेल,
एकात कडुलिंबाचा अर्क,
एकात मेडिकलमधलं क्लोरहेक्सिडिन, बाटली एकशे दहाची,
एकात नुसतं द्रावक, ज्याने काही होऊ नये.
पाचवं भोक प्रकल्पात नव्हतं.
त्यात आईच्या डबीतली मशेरी,
तिनेच तव्यावर काळी भाजलेली,
मी पाण्यात कालवून गाळलेली.
मशेरीनं दात दगड होतात,
हे ऐकतच मी मोठी झाले.

दुसऱ्या दिवशी प्लेट उलटी धरून पट्टी लावली.
बाटली: बावीस मिलिमीटर.
लिंब: अकरा, कड धूसर.
लवंग: सतरा, चौदा, आणि तिसऱ्या प्लेटवर नऊ.
नऊ कसे? सरांनी विचारलं.
नऊच आहेत, सर.
द्रावक: काही नाही, ठरल्याप्रमाणे.
मशेरीच्या भोकाला मात्र जंतू
थेट काठापर्यंत भिडले होते,
चार दिवसांनी पाणी आलं की
नळाला घागरी भिडतात तसे.

प्लेट घरी नेता येत नाही. फोटो नेला.
आईने मांडीवरचं सूप बाजूला केलं.
हे मोकळं काय?
इथं मेले.
आणि हे?
इथं नाही.
त्या भरल्या भोकाकडे ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, एकशे दहाची बाटली किती दिवस जाते?
दहा. फार तर बारा.
ओठ हलवत तिने हिशोब केला, विड्यांमध्ये.

येताना पाच रुपयांच्या लवंगा आण, म्हणाली.
डबी सुपाखाली सरकवली,
मला दिसली नसेल असं समजून,
आणि पुढच्या पानावर फर्मा ठेवला.