पावती क्रमांक सात

खजिनदार मीच,
कारण माझं अक्षर बरं आणि माझ्याकडे स्कूटी.

आमची रेसची गाडी अजून कागदावर आहे.
चार चाकं, एक सीट, उधारीची मोटर
आणि दोन लाख चाळीस हजारांचा खड्डा.
तो बुजवायला मृदुलाने चोवीस पानी प्रस्ताव केला:
सुवर्ण प्रायोजक, रजत प्रायोजक,
आणि ब्राँझला मराठीत काय म्हणायचं
यावर कँटीनमध्ये अर्धा तास भांडण.
कांस्य, असं अल्ताफ दोनदा म्हणाला.
कोणी ऐकलंच नाही.

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला.
मावसभावाचा ब्लेझर घालून गेले,
त्याचे खांदे माझ्या आधी हॉलमध्ये पोचले.
सतरा व्हिजिटिंग कार्डं जमली,
त्यातलं एक पनीरच्या तेलाने पारदर्शक.
संपर्कात राहा, असं सगळेच म्हणाले
आणि सोमवारपासून सगळेच
संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आईला फोनवर सांगितलं, नेटवर्किंग करतेय.
म्हणजे वशिला का, तिने विचारलं.
नाही गं, वशिल्याला इस्त्री केली की नेटवर्किंग.
ती बार्शीहून हसली,
मग म्हणाली, जेवलीस का.

पहिल्यांदा भोसरीला गेलो तो गुरुवार होता.
एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते
हे आम्हाला चौथ्या वर्षात, बंद शटरांनी शिकवलं.
नंतर शनिवारी जाऊ लागलो.
सहा गेटं. सहा वह्यांत नाव, वेळ, कोणाला भेटायचं, सही.
कोणाला भेटायचं हा रकाना
भरताना दर वेळी पेन अडखळतं.

सातवं शटर अर्धंच वर होतं.
वाकून आत गेलो.
कूलंटचा वास, पायाखाली कुरकुरणारा किस,
आणि कानावर लाल पेन्सिल लावलेले येळवंडे.
सुवर्णपान त्यांनी उलटलं, रजतही,
कुलगुरूंचा फोटो अंगठ्याखाली गेला,
आणि एकोणिसाव्या पानावर थांबले.
हबचं ड्रॉइंग.
हा बोअर कोणी दिलाय?
मी, म्हटलं.
यात बेअरिंग हातानं बसेल, पोरी.
आणि तिसऱ्या वळणावर हातानंच निघेल.

मृदुला छताकडे बघत राहिली.
माझे कान गरम.
त्यांनी माझा आकडा खोडला नाही,
त्याच्याशेजारी, जरा खाली, स्वतःचा लिहिला.
दोहोंत चार शतांश मिलिमीटरचं अंतर.

पैसे नाहीत, ते म्हणाले. दोन मशिनी हप्त्यावर आहेत.
पण रात्री आठनंतर तो कोपऱ्यातला लेथ रिकामा असतो.
केस बांधून या. ओढणी नको.
बारचा तुकडा तुमचा, वीज माझी.

मी पाठ केलेलं विचारलंच:
तुमचा लोगो कुठे लावायचा, दारावर की बॉनेटवर?
लोगो नाही आपल्याला.
जीएसटी नंबर आहे, तो लावता का?
पलीकडचा पोऱ्या मशीन बंद करून हसला.
पावती मात्र द्या, येळवंडे म्हणाले,
फुकट काही कोणाला देऊ नये, सवय लागते.

तर ही पावती क्रमांक सात.
श्री. येळवंडे यांजकडून साभार पोच,
लेथ, नऊ रात्री. आकडा, एक.

कॉलेजच्या तीन नंबर खिडकीत
टिळेकर मॅडमनी ती चष्म्यावरून वाचली.
रक्कम रिकामी चालत नाही.
शून्य लिहू का?
शून्याची पावती फाडायचीच कशाला?

मागे फीच्या रांगेत मुलं खोळंबलेली.
मी रकमेच्या रकान्यात
जपून, माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं:
शून्य पूर्णांक शून्य चार.
हे रुपये का, त्यांनी विचारलं.
नाही, म्हटलं.
मग उद्या या, साहेबांना विचारते.

उद्या गुरुवार.
भोसरी बंद.
येईन.